दुसऱ्यांदा विचारायचं

लग्नकार्यात कुणी ना कुणी विचारतंच, "तुम्ही नेमकं करता काय?" कन्सल्टिंग म्हटलं की समोरच्याचा चेहरा कोरा होतो. मग मी सोपं करून सांगते. एखादी मिल, एखादी संस्था, एखादा दवाखाना नीट चालत नसला की आम्हाला बोलावतात. आम्ही तिथे जातो, बघतो, लोकांशी बोलतो आणि काय बदलायला हवं ते मालकाला सांगतो. "अच्छा," म्हणून बहुतेक जण जेवणाच्या रांगेकडे वळतात. माझ्या दादाने मात्र या व्यवसायाचा एकदा पुरता निकाल लावला होता. अकोल्याच्या घरी, सगळ्यांसमोर, जेवता जेवता.

"म्हनजे तू लोकायले इचारते, तुमी काय करून राहिले. ते सांगतेत. तेच तू लिहून आनते अन् त्यायच्याच मालकाले इकते."

"तसंच समज," मी म्हटलं.

"अन् मालकाले ते पह्यले माईत नसते?"

"नसते."

"मंग तो मालक कायचा?"

सगळे हसले, मीही हसले. 

दादा अकोल्याच्या एका डाळमिलमध्ये यार्डावर होता. तुरीच्या, हरभऱ्याच्या गाड्या येतात, त्या आत घेणं, लावून देणं, खाली करून बाहेर काढणं, हे ज्या आवारात होतं त्याला यार्ड म्हणतात. तिथे तो कॉलेज सुटल्यापासून होता. दुसरी नोकरी त्याने कधी शोधली नाही आणि दुसरं काही त्याला येतही नव्हतं. मी लग्न होऊन अमरावतीला आले, पस्तिशी जवळ आली तेव्हा या कन्सल्टिंग फर्ममध्ये हिशेबाच्या टेबलावर लागले आणि काही महिन्यांत फील्डवर गेले, कारण एका कामात बायकांशी बोलायचं होतं आणि ऑफिसात बाई मी एकटीच होते.

या नोकरीत चांगलं काय, ते आधी सांगते, कारण तेही खरं आहे. पगार वेळेवर होतो. बी.कॉम. झालेल्या मध्यमवयीन बाईला आमच्या गावात इतकं बरं काम दुसरं मिळालं नसतं. ज्या गावांच्या नुसत्या पाट्या एसटीवर वाचल्या होत्या तिथे जाऊन आले. शेंदूरजनाघाटला संत्री निवडणाऱ्या बायकांच्या रांगेत बसले, धामणगावच्या जिनिंगमध्ये केसात कापूस घेऊन हिंडले, चांदूर बाजारला एका पतसंस्थेच्या संचालकांची भांडणं चहा पीत ऐकली. मालक उठून खुर्ची देतात. लोकांचं जे आपल्याला एरवी कुणी दाखवणार नाही, ते हक्काने बघायला मिळतं. मी मूळची चौकस आहे, मला हे आवडतं. आणि काम संपलं की ते संपतं. दुसऱ्याची कटकट घरी येत नाही.

वाईटही तेच आहे. काम संपतं. आपण सांगितलेलं त्यांनी केलं का, केलं तर काय झालं, कोण उरलं आणि कोण गेलं, यातलं काही आपल्याला दिसत नाही. आपण पुढच्या गावी खुर्ची घेऊन बसलेलो असतो. पहिली काही वर्षं मला चुकल्यासारखं वाटायचं. नंतर तेही बंद झालं.

फील्डवर मी एकच गोष्ट स्वतःहून शिकले. ती कुठल्याही प्रशिक्षणात नव्हती. आमच्या कामात प्रत्येकाला विचारावं लागतं, तुम्ही दिवसभर काय करता? आमच्या वऱ्हाडात या प्रश्नाचं उत्तर ठरलेलं आहे. "काई नाई, बसलो हावो." माणूस विहिरीवर मोटार दुरुस्त करत असेल, हात कोपरापर्यंत काळे असतील, आणि तुम्ही विचारलंत, काय करून राहिले भाऊ, तर तो म्हणणार, काई नाई, बसलो हावो. बाई पापडाचं पीठ कुटत असेल तरी, "काई नाई वं माय, बसली हावो." याचा अर्थ एवढाच की ये, तुझ्यासाठी माझ्याकडे वेळ आहे. मी कामात आहे असं म्हणणं म्हणजे पाहुण्याला जा म्हणणं. शिवाय आपल्या कामाचा पाढा आपणच वाचायचा, हे कुणाला शोभत नाही.

धामणगावच्या जिनिंगमध्ये पहिल्यांदा मी हे उत्तर जसंच्या तसं लिहून घेतलं होतं. दुसऱ्या दिवशी त्याच माणसाला बोलता बोलता उगाच विचारलं, "आज सकाळी आल्यावर आधी काय केलं?" आणि तो दुपारपर्यंत सांगत होता. तेव्हापासून माझा नियम झाला. इकडे दुसऱ्यांदा विचारायचं. तेही वेगळ्या तऱ्हेने, आजच्या दिवसाबद्दल, हात चालू असताना. आमच्या ऑफिसात येणाऱ्या प्रत्येक नव्या मुलामुलीला मी हे सांगत असे.

दादाच्या मिलचा कारभार मालकांच्या सुनेने हातात घेतला होता. हुशार बाई. तिने आमच्याच फर्मला काम दिलं. साहेबांनी, म्हणजे आमच्या अमरावती शाखेच्या प्रमुखांनी, मला केबिनमध्ये बोलावलं.

"तुमच्या माहेरचं काम आलं आहे. तुम्हीच बघा."

मिलचं नाव ऐकल्याबरोबर मी सांगितलं, "सर, माझा सख्खा भाऊ आहे तिथे. यार्डावर."

साहेबांनी समोरची फाइल मिटली. मग म्हणाले, "बरं झालं सांगितलंत." आमच्याकडे हा नियम कडक आहे आणि तो योग्य आहे. घरचा माणूस जिथे असेल तिथलं काम आपण करायचं नाही, त्याविषयी घरी बोलायचं नाही आणि टीमला भेटायचं नाही. मी तशी सही करून दिली. पुण्याहून टीम मागवली. पुण्याच्या मुलांना माझा दुसऱ्यांदा विचारायचा नियम कुणी सांगितलेला असण्याचं कारण नव्हतं. मी गप्प बसले असते तर दादासमोर खुर्ची टाकून मीच बसले असते. तरी आज पुन्हा वेळ आली तर मी तेच सांगेन. याचं मला समाधान वाटत नाही, पण सांगेन.

त्यानंतर थोड्याच दिवसांत महालक्ष्म्या आल्या. मी दरवर्षी माहेरी जेवायला जाते. आंबील पिऊन सगळे सुस्तावले होते. दादा ओसरीत सुपारी कातरत बसला होता, वहिनी पानं उचलत होत्या.

"दादा, तुमच्या मिलमंधी पुन्याचे लोक येनार हायेत म्हने," मी म्हटलं. एवढं तर सगळ्या मिलला माहीत होतं.

"येऊन राहिले. सूनबाईनं सांगतलं सगळ्यायले. तुह्याच कंपनीचे न?"

"हो. मी नाई त्याच्यात."

"कावून? तुले नाई घेतलं?"

"तू तिथी हायस म्हनून."

तो खो-खो हसला. "म्हनजे माह्यापायी तुहं काम गेलं म्हन."

"ते इचारतीन तवा नीट सांगजो. सकाळपासून काय काय करतो, ते सगळं."

"मी माहीच तारीफ करू?"

"तारीफ नाई, दादा. काम सांगजो."

"काम त दिसतेच न बाप्पा. डोये हायेत न त्यायले."

वहिनी आतून बोलल्या, "ते नाई सांगनार, ताई. घरी इचारलं त घरी बी नाई सांगत. काय केलं दिवसभर म्हटलं, का म्हनतेत बसलो होतो. मले आजवर समजलं नाई, हा मानूस रोज डबा घेऊन जाते कुठी."

"बसाले जातो," दादा म्हणाला आणि सुपारी तोंडात टाकली.

मला यापुढे बोलता येत नव्हतं. सहीच्या हद्दीत जेवढं बसत होतं तेवढं मी बोलले होते. परतीच्या गाडीत, बडनेऱ्याला उतरेपर्यंत मी स्वतःला हेच सांगत होते.

पुण्याची टीम आली त्या संध्याकाळी त्याचा फोन आला. स्वर मोठा खुशीचा होता.

"आलती तुह्यावाली पोरगी."

"माह्यावाली नाई. काय इचारलं तिनं?"

"भली पोरगी आहे वं. मराठी बोलते, पन पेपरात छापल्यावानी. म्हने काका, तुमचा दिवस कसा जातो? म्या म्हटलं, मजेत जाते."

"मंग?"

"मंग म्हने, काम काय काय असतं? म्या म्हटलं, काई नाई, बसलो असतो. हे पोट्टे करतेत सगळं, मी आपला खुर्ची टाकून पाहतो. आलूबोंडा मागवला तिच्यासाठी. तिखट लागला तिले, डोयात पानीच आलं. मंग दही मागवलं."

"आनखी काही इचारलं?"

"इचारलं न. म्हने हंगामात गर्दीचा ताण येत असेल. म्या म्हटलं, कायचा ताण? होते सगळं आपोआप."

"आपोआप," मी म्हटलं.

"हो. लिहून घेतलं तिनं."

मी म्हटलं, दादा, उद्या ती परत दिसली तर तिच्याशी पुन्हा बोल. सांग की गाड्यांचा नंबर कोण लावतं, हमालांचं भांडण कोण मिटवतं.  तो जरा वरमून म्हणाला, "आता कसं सांगू? काल बसतो म्हटलं अन् आज काम करतो म्हनू? पोरगी काय म्हनन, म्हातारा खोटं बोलते."

तो म्हातारा नव्हता. निवृत्तीला अजून काही वर्षं होती.

तो काय करायचा, ते मी एकदा पाहिलं होतं. कुणाच्या तरी साखरपुड्याला एकत्र जायचं होतं म्हणून दुपारी मी मिलमध्ये जाऊन थांबले. तुरीचा हंगाम होता, गाड्या रस्त्यापर्यंत उभ्या होत्या. दादा खरोखरच खुर्चीवर बसला होता. दर थोड्या वेळाने कुणीतरी यायचं, तो काहीतरी बोलायचा, ते जायचं. एक ड्रायव्हर शिव्या देत आला आणि परत जाताना त्याच्याकडून तंबाखू घेऊन गेला. आभाळ भरल्यासारखं झालं तर ताडपत्र्या निघाल्या, त्याने सांगितल्या होत्या की नाही मला दिसलं नाही. साखरपुड्याला आम्ही पोचलो तेव्हा जेवणं उरकली होती. त्याला निघताच येत नव्हतं.

यात फार मोठं काही नव्हतं, हेही लिहायला हवं. त्यातलं निम्मं काम गाड्यांना नंबराचं टोकन देणारं यंत्र आणि कॅमेरा करू शकतात. मी त्या टीममध्ये असते आणि तो माझा भाऊ नसता, तर मीही तसंच लिहिलं असतं. निम्मं. उरलेल्या निम्म्यासाठी एक माणूस हवा, आणि तो हाच बरा, असंही लिहिलं असतं. एवढ्या एका ओळीचा प्रश्न होता.

दुसऱ्या दिवशी मी साहेबांकडे गेले. अकोल्याचं नाव न घेता म्हटलं, "सर, इकडे लोक स्वतःचं काम सांगत नाहीत. पुण्याच्या टीमला सांगा ना, दुसऱ्यांदा विचारा म्हणून. सगळ्यांनाच."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. ते वाईट माणूस नाहीत. "मॅडम, तुम्ही त्या कामात नाही."

"माहीत आहे, सर."

"मग तुम्ही आत्ता काही बोलला नाहीत आणि मी काही ऐकलं नाही. चहा घेणार?"

त्यांनी माझी नोकरी वाचवली, असं म्हणता येईल. मी चहा घेतला.

निकाल यायला वेळ लागला नाही. सूनबाईंनी दादाला स्वतः बोलावून सांगितलं, काका, यार्डावर आता नवी व्यवस्था येते आहे, तुमची जागा राहणार नाही, पण तुमचा सन्मान राहील. देणं-घेणं सगळं नीट केलं, त्यात बोट ठेवायला जागा नव्हती. हंगामाआधी मिलच्याच आवारात निरोपाचा कार्यक्रम ठेवला. शाल, नारळ, भिंतीवरचं घड्याळ. मीही गेले होते, बहीण म्हणून. मोठे मालक बोलायला उभे राहिले. म्हणाले, "यार्डाकडं पाहिलं की काका खुर्चीवर दिसायचे. त्या खुर्चीनं बी आज सुटी मागितली हाय." लोक हसले. दादाही हसला आणि सगळ्यात जास्त वेळ हसला.

घरी आल्यावर शाल घडी करून त्याने वहिनींकडे दिली. मग माझ्याकडे न पाहता विचारलं, "तुले माईत होतं?"

"माईत नव्हतं. अंदाज होता."

"मंग सांगतलं कावून नाई?"

"सांगतलं होतं, दादा. महालक्ष्म्यायच्या दिवशी. नीट सांगजो म्हनून."

तो बराच वेळ आठवत राहिला. "हो," म्हणाला. "सांगतलं होतं."

वहिनींनी त्या दिवशी मला डबा बांधून दिला, पण फाटकापर्यंत आल्या नाहीत.

माझी एक इच्छा होती, ती लिहून टाकते. यार्ड ठप्प व्हावं. गाड्यांची रांग बायपासला लागावी, हमालांनी काम सोडावं, आणि सूनबाईंनी गाडी पाठवून दादाला परत बोलवावं. तसं काही झालं नाही. हंगाम आला आणि गेला. मिल चालू आहे. पहिल्यापेक्षा बरी चालू आहे असं ऐकते. आमच्या फर्मने ते काम आता आपल्या माहितीपत्रकात घातलं आहे.

मी नोकरी सोडली नाही. सोडून काय करणार होते? घराचे हप्ते आहेत, मुलगी बाहेर शिकते, आणि या वयात मला दुसरीकडे कुणी घेणार नाही. शिवाय नोकरी सोडल्याने दादा यार्डावर परत गेला नसता. अशा वेळी राजीनामा तोंडावर फेकणारी माणसं मी पाहिली आहेत. ती दोन महिन्यांनी दुसऱ्या फर्ममध्ये भेटतात.

ती पुण्याची मुलगी या वर्षी आमच्या ऑफिसात आली होती, दुसऱ्या कामासाठी. माझं लग्नानंतरचं आडनाव वेगळं, तिला काही कळण्याचा प्रश्न नव्हता. दादाने सांगितली होती तशीच होती. भली. माझ्यासोबत डबा खायला बसली. मी ठेच्याचं झाकण उघडलं तशी हसून म्हणाली, "मॅडम, तुमच्याकडच्या तिखटाचा मला अनुभव आहे. अकोल्याला एका मिलमधल्या काकांनी आलूबोंडा खायला घातला होता. माझी अवस्था बघून स्वतः दही आणायला धावले. इतकं प्रेमाने कुठल्याच साइटवर कुणी वागवलं नाही मला."

"हो का?" मी म्हटलं.

"खूप निवांत माणूस. दोन तास बसले होते माझ्याशी गप्पा मारत. कसलीच घाई नाही. मला वाटलं, नोकरी असावी तर अशी."

तिला सांगावं असं मनात आलं. सांगून तिच्या पदरात काय टाकणार होते? तिला ते जन्मभर टोचत राहिलं असतं, माझं मन कदाचित हलकं झालं असतं, पण त्याचा उपयोग कुणालाच नव्हता. मी तिच्या पोळीवर तूप वाढलं आणि नव्या मुलांना सांगते तेच सांगितलं. "इकडे कुणी काही नाही, बसलो आहे म्हटलं, की तसं लिहून घ्यायचं नाही. दुसऱ्यांदा विचारायचं. आज सकाळपासून काय केलं, असं विचारायचं."

"अरे वा," ती म्हणाली. "हे मला आधी कुणी सांगितलंच नाही." तिने घास हातातच ठेवून डाव्या हाताने फोनवर ते टिपून घेतलं. चांगली मुलगी आहे, लवकर वर जाईल.

दर रविवारी मी दादाला फोन करते. पूर्वीही करत असे. तेव्हा आमचं बोलणं लवकर संपायचं. काय करून राहिला? काई नाई, बसलो हावो. तू? मीबी बसली हावो. मग ठेव म्हणायचो आणि ठेवायचो.

आताही मी तसंच विचारते. परवाच्या रविवारीही विचारलं, "काय करून राहिला, दादा?"

"सकाळी लवकरच उठलो," तो म्हणाला. "टाकीत पानी चढवलं. मंग दूध आनलं. आल्यावर पेपर वाचला, पुरा. गच्चीवर वाळवन होतं, ते पलटवलं. मंग तुह्या वहिनीले मेथी निवडून देल्ली. कूलरची जाळी काढून धुतली, ती आता वाळून राहिली. जेवल्यावर जराकसा पडलो, जास्त नाई. उठून दाराच्या बिजागरीले तेल देल्लं, लई दिवसाचं आवाज करे ते. मंग कोपऱ्यावर जाऊन आलो."

मी मध्ये बोलत नाही, ऐकून घेते. मागे वहिनी भांडी लावत असतात, त्यांचा आवाज येतो.

"अन् आनखी बी केलं काही," तो म्हणाला. "आठवलं का सांगतो."